माग बंद झाल्यावर

लाईट गेली आणि गल्लीतली सगळी पोरं एकदम रडायला लागली.

आमच्याकडं ही रोजची गोष्ट होती. इचलकरंजीत आम्ही राहायचो त्या भागात घराला लागून यंत्रमागाचं शेड, शेडाला लागून पुढचं घर, आणि त्या घराला लागून पुन्हा शेड. तिथलं पोर जन्मल्यापासून खडखडाटातच झोपायला शिकतं. त्याला जागं करायचं तर आवाज करून उपयोग नसतो, आवाज बंद करावा लागतो. माग थांबले की पाळण्यातली, झोळीतली, चटईवरची सगळी बाळं डोळे उघडून भोकाड पसरायची. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं फार हसू यायचं.

त्या दुपारीही तसंच झालं. भिंतीपलीकडचे आमचे माग थांबले, पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला, आणि भिंतीला लागून चटईवर झोपलेली कावेरी उठून बसली. ती रडली नाही. इकडंतिकडं बघत राहिली.

सासूबाई समोर जमिनीवर फतकल मारून कांड्यांवर उरलेलं सूत सोडवत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडं असं पाहिलं, की जणू लाईट त्यांनीच घालवली होती.

"बघितलीस? उठली का न्हाई?"

"उठली, आत्ती."

"बहिऱ्या पोराला कसं कळंल माग थांबल्यालं? सांग की."

त्या परत सुताकडं वळल्या.

"उगं पोरीच्या जल्माला कायतरी चिकटवू नगंस. आणि हे बघ, खालच्या गल्लीतले माग चालू हायत अजून. आमचीच मेली लाईट रोज जातीया."

खालच्या गल्लीतलीही लाईट गेलेली होती. पण मी तिकडं लक्ष दिलं नाही. विजेवाल्यांशी आत्तींचं जुनं वैर होतं आणि त्या वैरात त्या कुणाचं ऐकून घेत नसत.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. कावेरी तेव्हा दोन वर्षांची होत आली होती आणि तिच्या तोंडून एकही शब्द आलेला नव्हता. आई नाही, बाबा नाही, काऊ-चिऊ नाही. घरात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मला मात्र वाटत होतं, आणि त्यावरून माझं आणि आत्तींचं गेले काही महिने चाललेलं होतं.

आमच्या घरात हे कुणाच्या लक्षात का आलं नाही, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी आजऱ्याची. आमच्या घराच्या मागं काजूची झाडं, पुढं ओढा. परसात कुणी बादली ठेवली तरी आत कळायचं. लग्नानंतर पहिल्यांदा शेडमध्ये पाऊल टाकलं तेव्हा वाटलं, छप्पर खाली येतंय. आणि त्या आवाजात बायामाणसं निवांत गप्पा मारत होती. आवाज न काढता. नुसते ओठ हलत होते, मोठे मोठे, आणि हात चालत होते. अंगठा ओठाशी नेला की चहा. कपाळावर बोट आडवं ओढलं की शेठ आला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवलं की गावाला जायचंय, सुट्टी पाहिजे. शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सुनेचं गाऱ्हाणं सविस्तर सांगायची, आणि मधल्या कुणालाही नको असलं तरी ते कळायचं.

हे शेडपुरतं राहत नाही. घरी आल्यावर तोंड तसंच मोठं हलतं, हात तसेच चालतात. आमच्याकडं कुणाला मागून हाक मारायची पद्धतच नव्हती. जमिनीवर पायानं थाप द्यायची, तो वळला की बोलायचं, नाहीतर जाऊन खांद्याला हात लावायचा. मी पहिल्यांदा आत्तींना स्वयंपाकघरातून हाक मारली तेव्हा त्यांनी मला समोर बसवून समजावलं होतं. "बोलायचं तर तोंड दाखवून बोल. पाठीशी काय बोलतीस?"

या बोलण्यात आत्तींचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. बाळाक्का दिवटे हे त्यांचं नाव निघालं की लोक जरा जपून ओठ हलवायचे. लग्नाआधी त्या दुसऱ्यांच्या मागावर कामाला होत्या. मग सासऱ्यांनी आणि त्यांनी मिळून स्वतःचे माग घातले. सासरे गेले तेव्हा विरूपाक्ष, म्हणजे माझे यजमान, शाळेत होते. आत्तींनी शेड बंद पडू दिलं नाही. रस्त्यापलीकडच्या नळावर दोन बायका काय बोलतायत, ते त्या खिडकीतून बघून मला सांगायच्या. नळावरच्या बायकांना हे माहीत होतं, तरी त्या बोलायच्या. न बोलून करतात काय.

अशा घरात कावेरी वाढत होती. चालायला यायच्या आधीच तिला अंगठा ओठाशी न्यायला यायचं. भूक लागली, बाहेर जायचंय, मांजर आलं, सगळं ती हातानं सांगायची आणि आजी तिला हातानंच उत्तर द्यायची. दोघींचं इतकं जमायचं की मला हेवा वाटायचा. जमिनीवर थाप दिली की ती वळायची. फटाक्याला दचकायची नाही, पण गल्लीतलं कुठलंच पोर दचकायचं नाही. आणि लाईट गेली की उठायची. मग ऐकू येत नाही असं म्हणायचं कशावरून?

थोड्याच दिवसांनी मी माहेरी गेले, आणि तिथं माझी शंका पक्की झाली. आजऱ्याला कावेरी माझ्या आईच्या झोळीत झोपली होती. वहिनीच्या हातून पितळेची परात फरशीवर पडली, भिंतीला आपटली आणि गरागरा फिरत राहिली. परसातली कुत्री भुंकायला लागली. कावेरी झोळीत जशीच्या तशी.

"मागाच्या घरातली गं," मी वहिनीला म्हणाले. "तिला काय होतंय."

वहिनी हसली. मग आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. वहिनीनं परात उचलली आणि या वेळी मुद्दाम, झोळीच्या अगदी जवळ जाऊन, पळीनं वाजवली. मी झोळीचं कापड बाजूला केलं. पापणीसुद्धा हलली नव्हती.

त्या रात्री मी बरीच रडले. सकाळी उठून इचलकरंजीच्या गाडीत बसायच्या ऐवजी मिरजेच्या गाडीत बसले.

कानाच्या डॉक्टरबाई वयस्क होत्या, जाड भिंगाचा चष्मा लावायच्या, आणि घाई नसल्यासारख्या बोलायच्या. त्यांनी कावेरीला माझ्या मांडीवर माझ्याकडं तोंड करून बसवलं, तिच्या हातात एक बाहुली दिली, आणि तिच्या मागं एका बाजूला जाऊन घंटा वाजवली. कावेरी वळली. त्यांनी दुसऱ्या बाजूनं खुळखुळा वाजवला. कावेरी तिकडंही वळली.

"ऐकतेय की," मी म्हणाले.

डॉक्टरबाई थोडा वेळ आम्हा दोघींकडं बघत राहिल्या. "तुम्ही काय काम करता?"

"घरचे माग आहेत. इचलकरंजीला."

"असं. आता एक करा. डोळे मिटा आणि मी सांगेपर्यंत उघडू नका."

मी डोळे मिटले. घंटा वाजली, मग खुळखुळा, मग एक मोठा ताशासारखा काहीतरी आवाज झाला, मी दचकले. त्यांनी डोळे उघडायला सांगितलं. कावेरी बाहुलीचा पाय चावत बसली होती.

"ती घंटेकडं वळत नव्हती," त्या म्हणाल्या. "मी घंटा वाजवली की तुमची नजर तिकडं जात होती. ती तुमच्या तोंडाकडं बघून वळत होती. फार हुशार मुलगी आहे."

मला तेव्हा त्या हुशारीचं काय करावं ते कळेना.

"पण बाई, लाईट गेली की उठते ती. माग बंद झाले की."

"झोपते कुठं?"

"जमिनीवर. भिंतीला लागून."

"आणि भिंतीपलीकडं शेड?"

"होय."

त्यांनी माझा तळहात टेबलावर टेकवला आणि टेबलाच्या खालून बोटानं हळूच टकटक केलं. आवाज जवळजवळ आलाच नाही, पण तळव्याला बरोबर कळलं.

"अंगाखालची जमीन हलायची थांबते. ते तिला कळतं. ऐकू येणं म्हणजे तरी काय, हवेचं थरथरणंच. पण ते कानातून आत जायला लागतं."

मग त्यांनी कागदावर कान काढला. त्यांनी त्या दिवशी सांगितलेलं मला पाठ आहे, कारण पुढं कित्येक आयांना मी ते स्वतःच सांगत आले. बाहेरचा कान आवाज गोळा करतो. आत पडदा असतो, तो ढोलकीच्या चामड्यासारखा थरथरतो. त्याच्या मागं तीन हाडं, तांदळाच्या कणीएवढी, ती थरथर पुढं ढकलतात. त्याच्याही मागं गोगलगाईच्या शंखासारखी एक गुंडाळी असते, पाण्यानं भरलेली. त्या पाण्यात अगदी बारीक केस असतात. पाणी हललं की केस हलतात, आणि त्यांच्या मुळाशी असलेली नस ती खबर मेंदूला देते. पडदा फाटला तर सांधता येतो, हाडाचं ऑपरेशन होतं. केस गेले की गेले. ते परत येत नाहीत.

"हिचे केस गेलेत?"

"तसं वाटतंय. झोपेचं औषध देऊन, डोक्याला तारा लावून एक तपासणी करतात, त्यात नक्की कळेल. जन्मल्यावर कावीळ झाली होती?"

"झाली होती. निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. बरीच वाढली म्हणत होते."

"ते एक कारण असू शकतं. गरोदरपणी आईला ताप आणि पुरळ येऊन गेलं तरी होतं, घराण्यातून येतं, नात्यातल्या लग्नात जास्त दिसतं. खूपदा कारण कळतच नाही."

"आणि मागाचा आवाज?"

"तो मोठ्यांचे कान खातो. हळूहळू. रोज थोडे थोडे केस मोडतात, आधी बारीक आवाज जातात, पक्ष्यांचे, मुलांचे. माणसाला स्वतःला कळतच नाही, कारण तोपर्यंत तो तोंडं वाचायला शिकलेला असतो." त्यांनी चष्मा पुसला. "ज्यांनी आयुष्य मागावर काढलंय, असं कुणी घरात असेल तर त्यांनाही घेऊन या."

"आमच्या आत्तींना सगळं कळतं," मी म्हणाले. "रस्त्यापलीकडचंसुद्धा."

मग डॉक्टरबाईंनी मला घाई कशाची आहे ते सांगितलं. बोलणं मेंदू शिकतो, आणि तो ते पहिल्या काही वर्षांत शिकतो. आत्ता मशीन लावलं, रोज समोर बसून बोलायला शिकवलं, तर ही मुलगी बोलेल. शाळेत जायच्या वयाला आणली तर मशीन तेच असेल, पण शब्द येतील याची खात्री नाही.

"आणि एक सांगते. एकट्या आईला पटून भागत नाही. मूल दिवसभर ज्याच्याजवळ असतं त्याला पटायला लागतं. नाहीतर मशीन कपाटात जातं. मी कपाटातली फार मशिनं पाहिली आहेत."

कावेरी दिवसभर आत्तींजवळ असायची.

घरी आल्यावर मी विरूपाक्षना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कावेरीला उचलून खिडकीशी नेलं आणि बराच वेळ तिच्या कानाकडं बघत राहिले. जणू आत काही अडकलेलं दिसेल.

"आईला सांगितलीस?"

"तुम्ही सांगा."

"मी?" ते म्हणाले, आणि त्यातच मला उत्तर मिळालं.

मीच सांगितलं. जेवणं झाल्यावर, समोर बसून, तोंड दाखवून. आत्तींनी माझ्या ओठांवरची नजर हलवली नाही. डोक्याला तारा लावतात म्हटल्यावर मात्र त्या उठल्या.

"एवढ्याशा पोरीच्या डोस्क्याला तारा लावायच्या?"

"दुखत नाही त्यात, आत्ती."

"आणि जल्मभर कानाला ते डबडं. पोरीची जात हाय. उद्या तिला कोण करून घेणार? चांगली हाताशी आलीया, समदं कळतंय, बोलंल उशिरानं. हा विरूसुद्धा उशिरा बोलला."

"किती उशिरा?"

"बोलला न्हवं का पण?"

विरूपाक्ष खाली बघून ताटातलं मीठ सरकवत होते.

"ती आपल्या तोंडाकडं बघून ओळखते," मी म्हणाले. "आणि जमीन हलायची थांबते म्हणून उठते. ऐकून नाही."

"तुला कुणी सांगितलं?"

"डॉक्टरबाईंनी."

"त्या बाईनं कधी माग बघितलाय?"

असं आठवडाभर चाललं. शेवटी एका संध्याकाळी आत्तींनीच पायानं जमिनीवर थाप दिली. मी वळले. त्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. माजघरात तुळईला कड्यांनी टांगलेला शिसवी झोपाळा होता, सासऱ्यांनी हौसेनं केलेला.

"जमिनीनं कळतंय म्हणतीस न्हवं?"

"होय."

"मग जमीनच नगं. बेंदरादिवशी गल्ली समदी बंद असती. त्या दिवशी आपलेच तेवढे माग चालू करायचे. पोरगी झोपली की मी तिला घेऊन हितं बसतो, पाय वर घेऊन. म्हंजे जमीन न्हाई, भिंत न्हाई. विरूनं मेन बंद करायचं. उठली, तर मिरजेचं नाव काढायचं न्हाई. या घरात परत न्हाई."

"आणि नाही उठली तर?"

आत्तींनी माझ्याकडं जरा रागानंच पाहिलं. "तर मी सोत्ता घेऊन जातो तिला. तुझ्याबी आधी गाडीत बसतो."

हे त्यांच्यासारखंच झालं. आमच्याकडं कापडात खोट निघाली की त्या व्यापाऱ्याशी वाद घालत नसत, मागाशी नेऊन उभं करत, समोर विणून दाखवत. मी कबूल झाले. ती उठली तर काय, एवढंच डोक्यात होतं. झोपेत पोर शंभर कारणांनी उठतं. कूस बदलताना उठतं, डास चावला तरी उठतं. आणि आत्ती शब्दाला पक्क्या होत्या, तेव्हा मलाही शब्द पाळावा लागला असता.

बेंदराला बैलांची मिरवणूक बघायला सगळी गल्ली मोठ्या रस्त्याकडं गेली होती. कामगारांना सुट्टी होती. दुपारी पुरणपोळ्या झाल्या, आणि मी आणि विरूपाक्ष शेडमध्ये गेलो. एकेक करत सगळे माग चालू केले. सुताचे धोटे इकडून तिकडं पळायला लागले, फरशी नेहमीसारखी हलायला लागली. सणाच्या दिवशी कुणी माग चालू केल्याचं गल्लीत कळलं असतं तर लोकांनी आम्हाला हावरट म्हटलं असतं, पण म्हणायला कुणी नव्हतंच.

पुरण खाऊन कावेरी लगेच पेंगुळली. चटईवर, भिंतीला लागून, नेहमीच्या जागी झोपली. आत्तींनी तिची झोप गाढ लागेपर्यंत वाट पाहिली. मग तिला अलगद उचललं, झोपाळ्यावर बसल्या, मांडीवर घेतलं आणि पाय वर उचलून मांडी घातली.

"पंखा बंद करते," मी म्हणाले. "नाहीतर वारा थांबला म्हणून उठेल."

"कर. माजं काय बी म्हणणं न्हाई." त्यांनी पदरानं कावेरीच्या कपाळावरचा घाम टिपला. "आणि दाराशी हुबी ऱ्हा. विरूला हात कर. मी वर बघणार न्हाई, मला हिच्या पापण्या बघायच्यात. मागनं म्हणशील, म्हातारीनंच हलवली."

मी माजघर आणि शेड यांच्यामधल्या दारात उभी राहिले. एका बाजूला विरूपाक्ष, मेनच्या खटक्यावर हात ठेवून. दुसऱ्या बाजूला आत्ती, मान खाली घालून. झोपाळा स्थिर होता. कावेरीचं तोंड उघडं होतं, ओठाला पुरण लागलेलं होतं. मला त्या क्षणी काय हवं होतं ते आजही नीट सांगता येत नाही. ती उठावी असंही वाटत होतं. कुठल्या आईला वाटणार नाही?

मी हात वर केला.

विरूपाक्षनी खटका ओढला. माग एकापाठोपाठ थांबले, शेवटचा धोटा खाडकन जागेवर बसला आणि सगळं शांत झालं. इतकी शांतता त्या घरात मी कधी ऐकली नव्हती. लाईट जाते तेव्हा पोरं रडतात, माणसं बाहेर येऊन बोलतात. त्या दिवशी गल्लीत कुणीच नव्हतं. लांब मोठ्या रस्त्यावरून हलगीचा आवाज येत होता, अगदी पुसट. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. तो ठिबकतो हे मला त्या दिवशी कळलं.

कावेरी झोपली होती. श्वास एका लयीत चालला होता. मी तिच्या पापण्यांकडं बघत होते, आत्तीही बघत होत्या. नळ ठिबकत राहिला. विरूपाक्ष हाताचं तेल फडक्याला पुसत माझ्या मागं येऊन उभे राहिले. मी जिंकले होते आणि मला भिंतीला टेकावंसं वाटत होतं.

आत्तींनी मान वर केली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. हसू नव्हे, हसायच्या तयारीत असलेलं काहीतरी. त्या वाट बघत होत्या.

"सांग की त्याला," त्या मोठ्यानं म्हणाल्या. शेडमध्ये माग चालू असताना बोलतात तेवढ्या मोठ्यानं. रिकाम्या घरात तो आवाज घुमला. "कर म्हणावं बंद. किती येळ बसू अशी?"

विरूपाक्षचा फडक्यावरचा हात थांबला.

"अगं, पायाला मुंग्या आल्या माज्या. कुणाची वाट बघालाय त्यो?"

मी तोंड उघडलं. पण त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, आणि त्या बघत नसताना बोलून काही उपयोग नाही, हे मला त्याच क्षणी पहिल्यांदा कळलं. या घरात येऊन मला इतकी वर्षं झाली होती.

उत्तर येईना म्हणून आत्तींनी वैतागून वर पाहिलं. आधी माझ्याकडं. मग माझ्या मागं उभ्या असलेल्या विरूपाक्षकडं, जे शेडमध्ये खटक्याशी असायला हवे होते. दुसऱ्याच्या तोंडावरचं वाचायला त्यांना कधीच वेळ लागला नव्हता. तेव्हाही लागला नाही.

"बंद केलास?"

विरूपाक्षनी मान डोलावली.

"कवा?"

आत्तींनी एक पाय खाली सोडला. तळवा फरशीवर सपाट टेकवला आणि तसाच ठेवला. मग दुसरा पाय ठेवला. त्या फरशीकडं बघत राहिल्या. मी जवळ जाऊन जमिनीवर बसले, त्यांना माझं तोंड दिसेल असं.

"आत्ती," मी म्हणाले. "सगळे बंद आहेत. गल्लीतले पण."

त्यांनी एक हात कावेरीच्या अंगावरून काढून स्वतःच्या कानावर ठेवला. दाबून धरला, काढला, परत ठेवला. त्यांचा आवाज मी कधी हळू ऐकला नव्हता. तो तेव्हा ऐकला.

"मग हे काय वाजालंय?"

पुढं मिरजेला डॉक्टरबाईंनी सांगितलं, की केस मोडले की कधी कधी नस गप्प बसत नाही, आवाज नसला तरी मेंदूला खबर देत राहते. पण ते पुढं. त्या दुपारी आत्तींना जे ऐकू येत होतं ते आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं. खालच्या गल्लीतले माग मला तेव्हा आठवले. लाईट गेल्यावरही आत्तींच्या लेखी रोज चालू असायचे ते.

त्यांच्या हाताच्या हालचालीनं असेल, कावेरी जागी झाली. तिनं आजीच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला काहीतरी वेगळं दिसलं. तिनं इवलासा पंजा उलटा करून हलवला. काय झालं, असं आमच्याकडं हातानं विचारतात.

आत्तींनी नाक पदराला पुसलं. मग तिला समोर नीट बसवलं. आधी तिच्या कानाला हात लावला, मग स्वतःच्या कानाला, आणि दोन्ही हातांनी एसटीचं स्टिअरिंग फिरवून दाखवलं.